मर्यादवेलीच्या अलीकडे

सहल कोठे न्यावी, हा प्रश्न आपल्या शाळेत दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की निघतो. विजापूर, बदामी, हंपी, पन्हाळा अशी नावे पुढे येतात. मुलांना विचारावे तर मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत एकच उत्तर मिळते : समुद्र! त्यात नवल नाही. आपण बेळगावकर घाटमाथ्यावरची माणसे. आपल्या खानापूर तालुक्यात पडलेला पाऊस म्हादईतून गोव्याच्या समुद्राला मिळतो, तसाच मलप्रभेतून कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागरालाही मिळतो. आपले पाणी दोन्ही समुद्रांना भेटते, मुलांच्या वाट्याला मात्र समुद्र येतो तो बसच्या खिडकीतून किंवा अर्ध्या तासाच्या थांब्यापुरता.

डिसेंबर २०२४ पासून हे उत्तर ऐकले की शिक्षकांच्या खोलीत कोणी बोलेनासे होते. त्या महिन्यात मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर शालेय सहलीला आलेल्या कोलार जिल्ह्यातील चार विद्यार्थिनी बुडून मरण पावल्या. शिक्षकांवर गुन्हे नोंदले गेले. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या चौदा विद्यार्थ्यांना जलसमाधी मिळाली होती. या बातम्या वाचून आपल्या पालकसभेत ‘यापुढे समुद्राचे नावच नको’ असे ठरले. ज्यांनी हात वर केले त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याचे मूल सहलीला जाते त्याचा जीव ते परत येईपर्यंत टांगणीला लागलेला असतो, आणि तो तसा लागणारच.

तरीही त्या ठरावाचा पुन्हा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. बंद करायची असेल तर धावती सहल बंद करावी. समुद्र बंद करू नये. पाठीवर सॅक घेऊन, पायी चालत, दोन रात्री तंबूत राहून एखादा दूरचा, शांत किनारा मुलांना दाखवणे हे बसच्या सहलीपेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि नीट केले तर अधिक सुरक्षितही आहे. हे आमचे म्हणणे ऐकीव माहितीवर आधारलेले नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही, म्हणजे सहल समितीतील चार शिक्षक, तीन पालक व पाच माजी विद्यार्थी, असे बारा जण स्वतः ती वाट चालून आलो. मुलांना पाठवण्याआधी वडिलधाऱ्यांनी वाट पाहून यावी, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

आम्ही निवडला तो उत्तर कन्नड जिल्ह्यातील गोकर्णच्या दक्षिणेचा किनारा. गोकर्ण-महाबळेश्वराची यात्रा आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला परिचयाची होती. रावणाच्या हातचे आत्मलिंग गणपतीने युक्तीने भूमीवर ठेवले, ती कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. परंतु देवदर्शन घेऊन परतणाऱ्यांना गावाच्या दक्षिणेचे डोंगर ठाऊक नसतात. जांभ्या दगडाचे हे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या बेचक्यांत एकामागून एक पुळणी लपलेल्या आहेत. पहिली कुडले, दुसरी ॐकाराच्या आकाराची म्हणून ‘ओम’, तिसरी ‘हाफ मून’ व चौथी ‘पॅरडाइज’. ओमपर्यंत गाडीरस्ता आहे. पुढच्या दोन पुळणींना गाडी जात नाही. पायवाटेने जा, नाहीतर होडीने. तेथून आणखी पुढे बेलेकान गाव व तदडी बंदर. सगळी वाट आठ-दहा किलोमीटरांची. मोठ्या माणसाला ती अर्ध्या दिवसाची आहे. मुलांना घेऊन, थांबत, पाहत जायचे तर दोन दिवस धरावेत.

आता धावत्या सहलीविषयी. तिचे वेळापत्रक आपण सर्वांनी पाहिले आहे. तीन दिवसांत आठ ठिकाणे. रात्री बसमध्ये झोप, पहाटे कोठेतरी आंघोळ, दुपारी देऊळ, संध्याकाळी समुद्र. पन्नास मुले दमून, आंबून किनाऱ्यावर उतरतात. ‘अर्ध्या तासात परत या’ असे सांगितले की ती धावतच सुटतात, कारण अर्ध्या तासात सगळे उरकायचे असते. त्या वेळी भरती आहे की ओहोटी, हे शिक्षकांना ठाऊक नसते. किनारा कोठे उतरता आहे, खडक कोठे आहेत, हे सांगायला कोणी नसते. वर नमूद केलेल्या दुर्घटनांत नेमके काय घडले त्याचा निवाडा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण आपल्या स्वतःच्या सहलींचे वेळापत्रक समोर ठेवून आम्ही एवढे म्हणू शकतो की घाई आणि अज्ञान या दोन गोष्टी आपण समुद्राकाठी बरोबर घेऊन जात होतो.

पायी जाणाऱ्याची ओळख वेगळ्या रीतीने होते. कुडलेच्या डोंगरावर चढले की समुद्र प्रथम वरून दिसतो. लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत, हे वरून स्पष्ट कळते. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधे एक शांत, गडद पट्टा दिसतो. अनोळखी माणसाला वाटते, येथेच पाणी शांत आहे, येथेच उतरावे. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेले पाणी त्याच पट्ट्यातून जोराने माघारी जात असते. गुडघाभर पाण्यातल्या माणसालाही ते ओढून नेते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दम राखून तरंगावे, मदतीसाठी हात वर करावा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे. ही चार वाक्ये आपल्या नववीच्या मुलाला ठाऊक असावीत असे कोणाला वाटणार नाही? ती वर्गात सांगता येतात हे खरे. पण डोंगरावर उभे राहून बोटाने तो पट्टा दाखवला म्हणजे ती विसरली जात नाहीत.

भरती-ओहोटीचेही तसेच. दिवसातून दोनदा भरती येते, आणि ती रोज सुमारे पाऊण तासाने मागे पडते, हे भूगोलात आहे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. गावागणिक थोडा फरक पडतो. आमच्यातील गणिताच्या शिक्षकांनी छापील तक्ता आणि हा ठोकताळा दोन्ही जवळ ठेवून वाळूत काठी रोवली. फरक पडला, पण कामापुरता अंदाज बरोबर आला. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. तेव्हा मुलांना न्यायचे तर वद्य अष्टमीच्या आसपास न्यावे. समुद्र त्या मानाने सौम्य असतो, चंद्र मध्यरात्री उगवत असल्याने आकाश काळेभोर असते, आणि मृग, व्याध, कृत्तिका यांच्याबरोबर दक्षिणेकडे अगस्त्यही स्वच्छ दिसतो.

सॅकचा हिशोब हा तर स्वतंत्र धडाच आहे. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे नसावे असे आम्ही धरले. चाळीस किलो वजनाच्या मुलाला आठ किलो. त्यांत दिवसाचे पिण्याचे पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. उरलेल्या पाच किलोंत अंथरूण, कपडे, ताट-वाटी, शिधा आणि तंबूचा आपल्या वाटणीचा तुकडा. आपल्या घरी नळ सोडून दात घासणाऱ्या मुलाने एकदा तरी आपले पाणी आपल्या पाठीवर वाहून पाहावे. दुपारी डोंगर चढताना प्रत्येक घोट मोजून प्यावा लागतो. समोर क्षितिजापर्यंत पाणी आणि बाटलीत उरलेले दोन घोट, हे दृश्य पाणी वाचवण्यावरच्या दहा निबंधांचे काम करते. शिध्याची काळजी नसावी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, मेतकूट आणि आपला कुंदा, हे सारे दोन दिवस उत्तम टिकते. चूल पेटवावीच लागत नाही.

चुलीवरून शेकोटीचा विषय निघतो. समुद्रकाठी तंबू म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे शेकोटी, गाणी व वाळूवर झोपणे येते. आम्ही रात्री पुळणीवर तंबू ठोकण्याविषयी चौकशी केली तेव्हा संबंधितांनी नकार दिला. नकार मिळाला ते बरेच झाले, असे आज आम्हांस वाटते. उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर, तसेच गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे आणि रत्नागिरी जिल्ह्यात वेळास येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. हा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा हंगाम! मादी रात्री वाळूवर चढते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. निसर्गतः तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. आपण शेकोटी पेटवली, विजेऱ्या लावल्या की पिल्ले उलटी फिरतात आणि सकाळपर्यंत कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्याला सर्वांत वरच्या परिशिष्टात जागा दिली, त्याच्या बाळंतघरात आपण गाण्यांच्या भेंड्या खेळाव्यात काय?

तेव्हा तंबू कोठे ठोकावा याचे उत्तर समुद्रानेच लिहून ठेवले आहे. भरतीची रेघ संपते तेथून वरच्या वाळूवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिची पाने बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली. आपल्या भाषेत तिला मर्यादवेल म्हणतात. रोजच्या भरतीचे पाणी सहसा तिच्यापर्यंत येत नाही, आणि तिची मुळे वाळू धरून ठेवतात. ज्यांनी हे नाव दिले त्यांनी किनाऱ्यावर कसे वागावे तेही त्यात सांगून टाकले. आम्ही मर्यादवेल ओलांडून, केवड्याच्या बनामागे, बेलेकानच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या नारळीच्या बागेत त्याच्या परवानगीने तंबू ठोकले. दिवसा पुळणीवर हिंडलो, दिवेलागणीला वर आलो. विहीर जवळ, घर जवळ, आणि लाटांचा आवाज रात्रभर कानांत. वाळूवर न झोपल्याने काहीही उणे वाटले नाही.

त्या बागेत आणखी एक गोष्ट घडली, ती सांगण्याजोगी आहे. घरातल्या आजीबाई कोकणी बोलत, त्यांचा मुलगा कानडी, आणि आम्ही मराठी. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी पाणी मागितले ते कानडीत, आभार मानले ते मोडक्या कोकणीत, आणि आजींनी विचारले, ‘पोरां, जेवलो मां?’ सीमाभागात राहणाऱ्या आपल्या मुलांना भाषा म्हणजे पाटी, मोर्चा आणि परीक्षेचा पेपर एवढीच माहीत होऊ नये. मराठी आपली आई आहेच, तिच्यासाठी ही शाळा उभी आहे. पण शेजारच्या घरची भाषा बोलता येणे ही आपल्या मुलांची श्रीमंती आहे, आणि ती अशा अंगणात खर्च करता येते. या वाटेवर शिकण्यासारखे आणखीही पुष्कळ आहे. येथून जवळच्या अंकोल्याने १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मोठा वाटा उचलला. गोकर्णजवळ सानीकट्ट्याला मिठागरे आहेत. दक्षिणेकडे अघनाशिनी नदी समुद्राला मिळते, तिच्यावर मोठे धरण नाही. तिच्या खाडीला २०२४ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. रोपवाटिकेत राबून पद्मश्रीपर्यंत पोहोचलेल्या तुलसी गौडा याच अंकोला तालुक्याच्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की दूरच्या किनाऱ्यावर मदत कशी मिळणार? प्रश्न रास्त आहे. हाफ मूनच्या उतारावर पाय मुरगळला तर रुग्णवाहिका येणार नाही. काही ठिकाणी मोबाइलला रेंजही नसते. म्हणून ओमच्या किनाऱ्यावरील एक होडी आधीच सांगून ठेवावी लागते. सरकारी दवाखाना गोकर्णात व मोठे रुग्णालय कुमट्याला आहे, हे अंतर मनाशी पक्के असावे लागते. वाट सुटी खडी असलेली आहे, तेव्हा पायांत चपला नकोत, बूट हवेत. या सगळ्याची तयारी करता येते, आणि ती मुलांकडूनच करवून घ्यावी.

दुसरा आक्षेप गोकर्णच्या लौकिकाविषयी. तेथे बाहेरचे पर्यटक येतात, दारू चालते, मुले काय पाहतील? शनिवार-रविवार टाळले आणि गावात मुक्काम केला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. तरी काही दिसेलच. पुळणीच्या कडेला आम्हांला रिकाम्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, तुटलेली जाळी असे पुष्कळ दिसले. दोन गोण्या भरल्या आणि हात थकले, किनारा काही साफ झाला नाही. मोठ्यांचे वागणे मुलांपासून लपवण्यापेक्षा त्याच्या बाटल्या मुलांना उचलायला लावणे आम्हांला अधिक बरे वाटते.

तिसरा आक्षेप मुलींविषयी. त्यांना नेऊ नये, असे काही पालक म्हणतात. आमच्या बारा जणांत पाच स्त्रिया होत्या आणि वाट सर्वांत आधी त्यांनीच संपवली. तंबू वेगळे, शौचाची सोय घराजवळ, सोबत शिक्षिका, एवढे पाळले की प्रश्न उरत नाही. समुद्राची ओढ मुलगा-मुलगी पाहत नाही, तेव्हा ती ओळखण्याचे शिक्षणही दोघांना सारखेच मिळावे.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि आमच्या मते तो सर्वांत अवघड आहे. काही विपरीत घडले तर जबाबदार कोण? नोकरी जाईल, खटला होईल. ही भीती खोटी नाही. परंतु ती केवळ शिक्षकांच्या माथी असू नये. पालक सोबत चालले, नियम पालकसभेने मंजूर केले आणि परवानग्या लेखी घेतल्या, तर जबाबदारी वाटून घेतली जाते. घरी बसून हात वर करणे सोपे असते, सॅक उचलणे अवघड.

आमच्या सूचना थोडक्यात अशा :

एक. चोवीस मुलांहून अधिक नकोत, आणि दर चार मुलांमागे एक मोठे माणूस हवे. त्यांत निम्मे तरी पालक असावेत आणि दोघांना तरी उत्तम पोहता यावे.

दोन. जेथे जीवरक्षक हजर असतील तेथेच, दिवसा, त्यांच्या नजरेसमोर व गुडघ्यापर्यंतच पाण्यात उतरावे. हाफ मून व पॅरडाइज येथे लाटेत पाय भिजवण्यापलीकडे जायचे नाही. हा नियम मोडणाऱ्याची सहल तेथेच संपली.

तीन. जाण्यापूर्वी दोन महिने तयारी. दर रविवारी यळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत सॅक घेऊन चालायचे, प्रथमोपचार शिकायचा, भरतीचा तक्ता मुलांनी स्वतः करायचा.

चार. शेकोटी नाही, कर्णा नाही, रात्री पुळणीवर विजेरी नाही. नेलेला कागदाचा कपटादेखील परत आणायचा.

पाच. मृगापासून दिवाळीपर्यंत समुद्राचे नाव नको. त्या काळात आपले घाट आहेतच.

यांतील एकही गोष्ट साधली नाही तर सहल रद्द करावी, असे आम्ही स्वतःच म्हणू.

पालकहो, आपली मुले कधी ना कधी समुद्रावर जाणारच. दहावी झाली, महाविद्यालयात गेली की मित्रांबरोबर मोटारसायकली काढून गोव्याला जातात, हे आपण घरोघरी पाहतो. तेव्हा बरोबर शिक्षक नसतात, पालक नसतात आणि कोठे थांबायचे ते सांगणारेही कोणी नसते. त्या दिवशी त्यांना गडद पट्टा ओळखता यावा, तिथीवरून भरती मोजता यावी आणि मर्यादवेल दिसली की तंबू तिच्या अलीकडे ठोकावा हे आठवावे. त्यासाठी आधी एकदा कोणीतरी त्यांना हात धरून तेथवर न्यायला हवे. ते कोणीतरी आपण व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.

येत्या पालकसभेत हा विषय पुन्हा मांडला जाईल. ज्यांचा विरोध आहे त्यांनी अवश्य यावे आणि मोकळेपणाने बोलावे. ज्यांना वाट पाहायची आहे त्यांच्यासाठी आम्ही आणखी एकदा चालून यायला तयार आहोत. दशम्या मात्र आपापल्या आणाव्यात.